काम झालं तरी पट्टा का सोडला नाही?

आवणीचे दिवस होते. बाबा चिखलात बांधावरून घसरले आणि उजव्या हातावर पडले. मनगट सुजून वाकडं झालं. हरसूलहून जीप केली, वाघेरा घाटातून नाशिक गाठलं. एक्स-रेत दिसलं की हाड मोडून सरकलंय. बाबांना जुना दमा. डॉक्टर म्हणाले, पूर्ण भूल नको, नुसता हात बधिर करू.

पण त्यांचा पहिला प्रश्न होता, "सिकलसेलची तपासणी झालीय का?" मोडलेल्या हाडाचा आणि सिकलसेलचा काय संबंध, मला कळेना. आशाताईंनी गावात तपासणी केली होती, रिपोर्ट नॉर्मल होता. तसं सांगितलं.

मी दारात उभा राहून बघत होतो. दंडाला दोन कप्प्यांचा हवेचा पट्टा बांधला. दोन्ही हातांच्या शिरांत एकेक सुई लावली. मोडका हात वर धरून बोटांपासून वरपर्यंत रबरी पट्टी गुंडाळली, म्हणजे हातातलं रक्त वर सरकतं. मग दंडाच्या पट्ट्यात हवा भरली आणि रबरी पट्टी काढली. हात पांढराफटक. त्याच हाताच्या सुईतून औषध सोडलं. पाच-सात मिनिटांत बाबा म्हणाले, "हात कुठाय तेच कळंना."

हाड बसलं, प्लास्टर झालं. दहाच मिनिटांचं काम. पण पट्टा काही सोडेनात. दंड ठणकायला लागला तसे बाबा तडकले, "झालं ना काम? मग सोडा की!" डॉक्टरांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर. "बाबा, वीस मिनिटं झाल्याशिवाय नाही."

का नाही? मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. पण हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचलं, एका डॉक्टर मित्राला विचारलं. निघाला तो शंभर वर्षांहून जुना इतिहास.

या पद्धतीला 'बिअर ब्लॉक' म्हणतात. ऑगस्ट बिअर हे जर्मन सर्जन. सिझरच्या वेळी पाठीत सुई देऊन खालचं अंग बधिर करतात ना, त्या पद्धतीने १८९८ साली पहिल्या शस्त्रक्रिया केल्या त्या यांनीच. त्यांचे गुरू एस्मार्क हे लष्करी सर्जन. हातापायातलं रक्त वर सारणारी रबरी पट्टी १८७३ मध्ये त्यांनी आणली, जखमी सैनिकांचं रक्त वाचावं म्हणून. शिष्याने १९०८ मध्ये बर्लिनला त्याच पट्टीचा वेगळा उपयोग दाखवला. हाताला दोन ठिकाणी पट्ट्या आवळायच्या आणि मधल्या रिकाम्या शिरेत प्रोकेन सोडायचं. प्रोकेन तेव्हा नवं होतं. त्याआधी बधिर करायला कोकेन वापरत.

बिअरना दिसलं की दोन पट्ट्यांमधला भाग लगेच बधिर होतो आणि खालचा भाग काही मिनिटांनी. कारण औषध दोन वाटांनी काम करतं. शिरांतून झिरपून ते आजूबाजूच्या बारीक मज्जातंतूंपर्यंत जातं. आणि मोठ्या मज्जातंतूंच्या पोटात ज्या बारीक रक्तवाहिन्या असतात, त्यांतून थेट आतही शिरतं. तिथे ते सोडियमची दारं बंद करतं. मग वेदनेचा निरोप मेंदूकडे निघतच नाही.

पुढे ही पद्धत मागे पडली. १९६३ मध्ये न्यूझीलंडच्या होम्स यांनी प्रोकेनऐवजी लिग्नोकेन वापरून ती परत आणली. दात काढताना टोचतात तेच हे औषध. मोठ्या माणसाच्या हाताला साधारण ०.५ टक्क्याचं ४० मिली, म्हणजे २०० मिलिग्रॅम. आता पट्टा लगेच सुटला तर? एवढं औषध एका दमात हृदयाकडे आणि मेंदूकडे जाणार. कानात गुंईं आवाज, तोंडाला विचित्र चव, झटके, क्वचित हृदय बंद. वीस मिनिटांत बरंचसं औषध हातातच मुरतं, मग पट्टा सोडला तरी थोडंथोडंच सुटतं. दुसऱ्या हाताची सुई का लावली होती, तेही तेव्हा कळलं. तसं काही झालंच तर औषध द्यायला वाट तयार हवी.

हे नुसतं भीती घालणं नाही. जास्त वेळ टिकतं म्हणून पुढे काही ठिकाणी बुपिव्हाकेन वापरायला लागले. हे औषध हृदयाला घट्ट धरून बसतं. ब्रिटनमध्ये त्याने मृत्यू झाले, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर लिहिलं गेलं आणि या कामासाठी ते बंद झालं. पद्धत सोपी म्हणून लोक गाफील राहिले.

आता सिकलसेल. भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. आपल्याकडेही आदिवासी समाजात तो आहे. पट्टा आवळला की हातातला ऑक्सिजन कमी होत जातो. ऑक्सिजन कमी झाला की सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. म्हणून अशा रुग्णाला शक्यतो दुसऱ्या पद्धतीने बधिर करतात. जर्मनीतल्या पुस्तकात हा प्रश्न मागे असेल, आपल्या भागात तो पहिला आहे. २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. त्यात मिळालेलं कार्ड पेटीत ठेवून उपयोग नाही, दवाखान्यात जाताना खिशात हवं.

मनगट मोडणं, कोयता लागणं हे आपल्याकडे दर पावसाळ्याचं. त्यासाठी प्रत्येक वेळी घाट ओलांडावा लागू नये, असं मला वाटतं. ही पद्धत स्वस्त आहे: एक तपासलेला हवेचा पट्टा, साधं औषध, ऑक्सिजन आणि अंबूची पिशवी. महाग आहे तो शिकलेला माणूस, जो काम संपल्यावरही घड्याळाकडे बघत उभा राहील.

आपला भाग पेसात आहे. ग्रामसभेत आपण रस्ता मागतो, इमारत मागतो. पुढच्या सभेत एवढंही विचारू या: आपल्या भागात भूल द्यायला प्रशिक्षित डॉक्टर आठवड्यातून किती दिवस असतात? पट्ट्याचं यंत्र शेवटचं कधी तपासलं? आणि गावात किती जणांची सिकलसेल तपासणी राहिलीय?

बाबांचा हात बरा झालाय. यंदा आवणीला परत उतरले. पण अजून म्हणतात, "त्या डॉक्टरनं मला उगाच ताटकळत ठेवलं." मी दरवेळी सांगतो, उगाच नाही बाबा.