सूझाचं मुंडकं

फ्रान्सिस न्यूटन सूझाने रंगवलेलं मुंडकं ओळखायला सही बघावी लागत नाही. डोळे कपाळावर चढलेले, नाक लांबलचक, दात विचकलेले, गालांवर जाड काळ्या रेघांचं जाळं. अशा मुंडक्यांचा बाप पिकासो, एवढं सांगून बरेच जण मोकळे होतात. त्यात तथ्य आहे, पण आजोळ गोव्यातल्या बार्देशात आहे.

सूझा १९२४ मध्ये तिथल्याच साळगावला जन्मला. लहानपणी देवी आल्या, तेव्हा आईने सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस बोलला: वाचला तर पाद्री करीन. पोरगा वाचला. चेहऱ्यावर वण आणि नावात फ्रान्सिस आलं, पाद्री होणं मात्र राहिलं. इगर्जीतलं एक दृश्य त्याच्या मनात कायमचं रुतलं. झगमगत्या वेदीवर रक्ताळलेला, केसांत काटे गुंतलेला माणूस आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलेली ठेवणीतल्या कपड्यांतली सभ्य मंडळी!

या सभ्यांशी त्याचं कधी जमलं नाही. १९४५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून हकालपट्टी, १९४७ मध्ये रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, १९४९ मध्ये लंडन.

तिथे १९५५ मध्ये त्याने ‘मिस्टर सेबॅस्टियन’ रंगवलं. संत सेबॅस्टियन म्हणजे बाणांनी विंधलेला हुतात्मा, प्लेगच्या साथीत लोक ज्याचा धावा करत तो. युरोपातल्या चित्रकारांनी त्याला शतकानुशतकं देखणा, उघड्या अंगाचा तरुण केलं होतं. बाणही अंगावर शोभून दिसत. सूझाने त्याला कोट घातला, रूप काढून घेतलं आणि बाण थेट तोंडा-मानेत खुपसले. देवीचे वण घेऊन वाढलेल्या माणसाला साथीच्या संताचा चेहरा असा दिसावा, हा मला योगायोग वाटत नाही. हौतात्म्य उरलं नाही, उरला एक भेदरलेला, डूख धरणारा साहेब. पुढच्या मुंडक्यांचा मूळपुरुष मी यालाच मानतो.

इथे कुणी बीभत्सरसाचं नाव घेईल. पण बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा; या मुंडक्यांची किळस येत नाही, धाक वाटतो.

१९५९ मध्ये पाळी येशूची आली. लंडनच्या टेट गॅलरीच्या संग्रहातल्या ‘क्रूसिफिक्शन’मध्ये तो काळाकभिन्न, काटेरी आहे, भक्ताला धीर देईल असं त्यात काही नाही. हल्ली कपाळावर डोळे काढणारे पुष्कळ झालेत. त्यांची चित्रं दिवाणखान्यात सुखाने नांदतात.