‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातील परिभाषा व नियम : एक ऐतिहासिक आढावा (१९९३ ते २०२५)

प्रस्तावना

बावन्न पानांच्या कॅटमधील पानांवर खेळाचा नियम लिहिलेला नसतो. हुकूम म्हणजे काय, उतारी कोणाची, हे खेळणाऱ्यांना परंपरेने ठाऊक असते. मतभेद झालाच तर वडीलधाऱ्यांचा शब्द प्रमाण मानला जातो. ऑगस्ट १९९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या अद्भुतरम्य कल्पनाविश्वावर आधारलेल्या खेळाने ही व्यवस्था उलटी केली. त्यातील बहुतेक पानांवर त्या त्या पानाचा स्वतंत्र नियम छापलेला असतो. साहजिकच शब्दाचा अर्थ कोणता आणि तो ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न या खेळात प्रारंभापासून उपस्थित झाले. प्रस्तुत लेखात या खेळातील काही प्रमुख संज्ञांचा व नियमबदलांचा कालक्रमाने आढावा घेऊन, अर्थनिर्णयाचा अधिकार हातातील पानाकडून केंद्रीय नियमसंहितेकडे कसा गेला, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

१. खेळाची उत्पत्ती व मूळ संज्ञा

या खेळाचे जनक रिचर्ड गारफिल्ड हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणित विषयात पीएच.डी.साठी संशोधन करीत होते. सिअ‍ॅटलजवळील ‘विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट’ या प्रकाशनसंस्थेचे पीटर अ‍ॅडकिसन यांनी त्यांच्याकडे सहज बरोबर नेता येईल व थोड्या वेळात संपेल अशा खेळाची मागणी केली. त्यातून हा खेळ आकारास आला. २९५ पानांचा पहिला संच प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी गारफिल्ड यांना पीएच.डी. मिळाली.

खेळातील प्रत्येक खेळाडू हा एक जादूगार असतो. त्याला प्रारंभी २० प्राणगुण मिळतात आणि प्रतिस्पर्ध्याचे गुण शून्यावर आणणे हे त्याचे मुख्य उद्दिष्ट असते. खेळाच्या संज्ञा याच रूपकातून घडल्या. खेळाडूच्या पानांचा गठ्ठा म्हणजे जादूगाराच्या मंत्रांचा संग्रह. म्हणून त्याचे नाव ‘लायब्ररी’. वापरून झालेले पान जेथे जाते ती जागा ‘ग्रेव्हयार्ड’, म्हणजे दफनभूमी. मैदान, बेट, दलदल, पर्वत व अरण्य या पाच प्रकारच्या भूमींपासून मिळणारी शक्ती म्हणजे ‘माना’.

‘माना’ या शब्दाचा प्रवास लक्षणीय आहे. पॅसिफिक महासागरातील बेटांवरच्या लोकांमध्ये तो अलौकिक सामर्थ्य या अर्थाने रूढ होता. रॉबर्ट कॉड्रिंग्टन यांच्या १८९१ च्या मेलानेशियाविषयक ग्रंथामुळे तो मानववंशशास्त्रज्ञांना परिचित झाला. पुढे लॅरी निव्हन यांनी १९६९ मध्ये एका कथेत त्याला खर्च होऊन संपणाऱ्या साधनसंपत्तीचा अर्थ दिला. खेळात मोजून खर्च करावयाची ‘माना’ या दुसऱ्या अर्थाला अधिक जवळची आहे. एका समाजाच्या श्रद्धेतील संकल्पना अशा रीतीने हिशेबाचे एकक बनली.

पान वापरले गेल्याची खूण म्हणून ते आडवे फिरविण्याच्या क्रियेस ‘टॅप’ ही संज्ञा आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत या खेळाच्या पद्धतीला मिळालेल्या पेटंटमध्ये या क्रियेचाही समावेश होता.

२. पानाचे प्रामाण्य व भाषेची संदिग्धता

या खेळाचे एक मूलतत्त्व असे की, पानावरील मजकूर व सामान्य नियम यांत विरोध आल्यास पानावरील मजकूर बलवत्तर ठरतो. दुसरे तत्त्व असे की, एक वचन अनुमती देत असेल व दुसरे निषेध करीत असेल, तर निषेध प्रभावी ठरतो. पहिले तत्त्व आपल्याला अपरिचित नाही. सामान्य विधीला विशेष विधी बाधित करतो, हा उत्सर्ग व अपवाद यांचा संबंध संस्कृत व्याकरणपरंपरेने फार पूर्वीच मांडला आहे. अर्थात येथे परस्परप्रभावाचा दावा नाही. नियम सूत्ररूपाने मांडू लागताच अशा तत्त्वांची गरज भासते, एवढेच यातून सूचित होते.

तथापि पानाचे प्रामाण्य मानावयाचे तर त्यावरील वाक्य एकार्थी हवे. खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वीच्या चाचणीत एका पानावर प्रतिस्पर्धी पुढची पाळी ‘लूज’ करतो, अशा आशयाचे इंग्रजी वाक्य होते. या पानामुळे आपला विजय निश्चित होतो, असे एका खेळाडूने सांगितले, तेव्हा गारफिल्ड चकित झाले. त्यांना अभिप्रेत अर्थ ‘प्रतिस्पर्धी पुढची पाळी गमावतो’ हा होता. खेळाडूने ‘प्रतिस्पर्धी पुढच्या पाळीत हरतो’ असा अर्थ घेतला. मराठीत यासाठी दोन भिन्न क्रियापदे आहेत. इंग्रजीत एकाच क्रियापदाने दोन्ही अर्थ व्यक्त होतात. पुढे ‘टाइम वॉक’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या पानावर ‘एक जादा पाळी घ्या’ अशा अर्थाचे निःसंदिग्ध वाक्य छापण्यात आले.

आरंभीच्या नियमांत प्रत्येकाने एक पान पणाला लावावे व विजेत्याने ते कायमचे घ्यावे, अशी तरतूद होती. स्पर्धांतून ही प्रथा लवकरच वर्ज्य झाली. स्पर्धांसाठी गठ्ठ्यात किमान ६० पाने असावीत व मूळ भूमी वगळता एकाच नावाची चारांहून अधिक पाने नसावीत, हे बंधन १९९४ पर्यंत आले. अनोळखी व्यक्तींमध्ये खेळ होऊ लागताच आपसातील समजुतीची जागा लेखी नियमाने घेतली.

३. दोन प्रमुख सुधारणा : १९९९ व २००९

१९९९ च्या सहाव्या आवृत्तीत ‘इंटरप्ट’ हा मंत्रप्रकार रद्द होऊन ‘स्टॅक’ ही संकल्पना आली. मंत्र उच्चारताच फळत नाही. तो राशीवर ठेवला जातो आणि शेवटी आलेला मंत्र प्रथम फळतो. उदाहरणार्थ, २ सहनशक्ती असलेल्या प्राण्यावर एकाने ३ हानी करणारा ‘लाइटनिंग बोल्ट’ टाकला. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्याने बळ व सहनशक्ती ३ ने वाढविणारा ‘जायंट ग्रोथ’ उच्चारला, तर वाढ आधी होऊन प्राणी वाचतो. हाच क्रम उलटला तर प्राणी मरतो. पूर्वी वादाचा विषय होऊ शकणारा प्रश्न अशा रीतीने एका सूत्राने सुटला.

२००९ च्या सुधारणेचे स्वरूप अधिक भाषिक होते. ‘खेळात असलेले’ या अर्थाच्या शब्दप्रयोगाऐवजी ‘बॅटलफील्ड’, म्हणजे रणभूमी, ही संज्ञा आली. ‘खेळातून काढलेले’ याऐवजी ‘एक्झाइल’, म्हणजे हद्दपारी, हा शब्द आला. कारण काढून टाकलेली पाने परत आणणारी पाने निघाल्यामुळे जुना शब्दप्रयोग खोटा ठरू लागला होता. येथे तांत्रिक नेमकेपणा व कथेचा रंग या दोहोंचा लाभ झाला. मात्र न वापरलेल्या मानाबद्दल प्राणगुण गमावण्याचा ‘माना बर्न’ हा नियम त्याच वेळी रद्द झाला. आवाक्याबाहेरची शक्ती धारण करणाऱ्यालाच जाळते, हा त्यातील कथार्थ सुटसुटीतपणासाठी सोडून द्यावा लागला.

४. छापील मजकूर व अधिकृत मजकूर

नियम बदलले तरी लोकांजवळील जुनी पाने बदलत नाहीत. म्हणून प्रत्येक पानाचा अद्ययावत अधिकृत मजकूर प्रकाशक स्वतंत्रपणे ठेवतात. त्यास ‘ओरॅकल’, म्हणजे देवाचा कौल, असे सूचक नाव आहे. १९९३ च्या ‘सेरा एंजल’ या पानावर हल्ला केल्याने ते आडवे होत नाही, असे पूर्ण वाक्य होते. २००४ मध्ये या गुणास ‘व्हिजिलन्स’ ही संज्ञा मिळाली व जुन्या पानाचाही अधिकृत मजकूर त्या एका शब्दाने व्यक्त होऊ लागला. येथे अर्थ तोच राहिला. पण इतरत्र छापलेले व लागू असलेले यांत अंतर पडले. पान प्रमाण हे तत्त्व टिकले, मात्र ‘पान’ म्हणजे हातातील कागद नव्हे, असे ठरले. आज ही नियमसंहिता दोनशेहून अधिक पृष्ठांची आहे. अ‍ॅलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन व ऑस्टिन हेरिक यांनी २०१९ मध्ये या पानांच्या मांडणीतून कोणतेही संगणन घडविता येते, असे दाखविले. त्यामुळे नियम पूर्ण ठाऊक असूनही काही मांडण्यांचा शेवट काय होईल, हे सांगणारी सर्वसामान्य रीत असू शकत नाही.

५. संज्ञा व सामाजिक भान

सर्व बदल तांत्रिक नव्हते. जून २०२० मध्ये वंशभेदात्मक वा सांस्कृतिकदृष्ट्या आक्षेपार्ह म्हणून सात पाने अधिकृत स्पर्धांतून वगळण्यात आली. त्यांत ‘प्रदेश जिप्सीज’ हे १९९४ चे पान होते. २०१६ मध्ये भारतीय धाटणीच्या एका काल्पनिक भूमीस दिलेले नाव रोमन लिपीत ‘कलादेश’ व ‘काला देश’ अशा दोन्ही प्रकारे वाचता येत असे. २०२५ च्या ‘ईथरड्रिफ्ट’ या संचात त्या भूमीचे नाव ‘आविष्कार’ आहे. काल्पनिक विश्वातील शब्दालाही वास्तव समाजापुढे उत्तरदायी राहावे लागते.

निष्कर्ष

१) रूपकातून जन्मलेल्या संज्ञा व्यवहाराच्या दडपणाखाली क्रमशः विधिवाक्याच्या स्वरूपाला पोहोचल्या.

२) एकवाक्यतेमुळे अनोळखी खेळाडूंना समान न्याय मिळाला, परंतु हातातील पानाचा अर्थ स्वतः वाचून ठरविण्याचा अधिकार खेळाडूकडे उरला नाही.

३) परिभाषा कोशात एकदाच निश्चित होत नाही. वापर, वाद व दुरुस्ती यांतून ती घडत राहते. आपल्याकडील विद्याशाखांसाठी परिभाषा घडविणाऱ्यांनाही, बदललेली संज्ञा जुन्या वाचकापर्यंत कशी पोहोचवावयाची, या प्रश्नाचा विचार करावा लागेल.