मुक्त अध्यापनाचे दोन प्रवाह : इ. स. २००८ ते २०१२

शिक्षणाच्या संदर्भात ‘मुक्त’ हे विशेषण गेल्या पाच-सहा दशकांत तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरले गेले आहे. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली, तेव्हा त्याचा अर्थ प्रवेशाची मोकळीक असा होता. नाशिक येथे १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ याच परंपरेतील होय. दुसरा अर्थ अभ्याससाहित्याच्या मोकळिकीचा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने आपले पाठ्यसाहित्य इंटरनेटवर विनामूल्य ठेवण्याचे २००१ साली जाहीर केले. २००२ साली पॅरिस येथे युनेस्कोच्या परिषदेत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा स्वीकारली गेली. तिसऱ्या अर्थाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रत्यक्ष अध्यापन व अध्ययन या क्रियाच सर्वांसमक्ष, परस्परांच्या संपर्कात करणे, हा तो अर्थ. त्याचा उदय आणि संकोच अवघ्या चार वर्षांत कसा झाला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

या अर्थाचा सर्वांत ठळक प्रयोग कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात २००८ सालच्या सप्टेंबरात सुरू झाला. जॉर्ज सीमेन्स व स्टीफन डाउन्स हे त्याचे अध्यापक. ज्ञान हे एकेका मस्तकात साठवलेले नसून माणसे, ग्रंथ व साधने यांच्या संबंधांच्या जाळ्यात विखुरलेले असते, आणि असे संबंध जोडता येणे म्हणजेच शिकणे, अशी त्यांची भूमिका होती. अभ्यासक्रमाचा विषयही हाच. शुल्क भरून नाव नोंदवलेले विद्यार्थी सुमारे २५ होते. विनाशुल्क सहभागासाठी नोंद करणारे २,२०० हून अधिक. डेव्ह कॉर्मिये यांनी या प्रयोगाच्या निमित्तानेच ‘मूक’ ही संज्ञा योजिली. व्यापक, मुक्त व इंटरनेटवरील अभ्यासक्रम असा तिचा आशय.

परंतु संख्येपेक्षा रचना महत्त्वाची होती. दर आठवड्याला विषय व वाचन ठरलेले असे. लेखन मात्र विद्यार्थ्याने आपापल्या ब्लॉगवर, स्वतःच्या नावाने करावयाचे. डाउन्स यांनी स्वतः तयार केलेली संगणकप्रणाली हे विखुरलेले लेखन गोळा करी आणि ते दैनिक पत्राच्या रूपाने सर्वांकडे जाई. अशा रीतीने अभ्यासक्रमाला केंद्र असले तरी भिंती नव्हत्या. अध्यापकाचे टिपण आणि विद्यार्थ्याची शंका एकाच प्रवाहात येत.

तथापि या प्रयोगाचे गौरवीकरण करणे इतिहासदृष्ट्या योग्य नाही. मॅकनेस, मॅक व विल्यम्स यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून एक विरोधाभास पुढे आला. स्वायत्तता, विविधता, मुक्तता व परस्परसंबंध ही चार तत्त्वे जितकी प्रबळ, तितके आखीव रचना व मार्गदर्शन यांच्या अभावी शिकणे कुंठित होण्याचा संभव अधिक. जो आधीच लिहिता व बोलता होता, त्याला ही मोकळीक मानवली. नवख्याला ती गोंधळात टाकणारी ठरली. दार उघडे असणे आणि आत वावरता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

याच उणिवेच्या जागी दुसरा प्रवाह आला. २०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमासाठी सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदवली. त्यानंतर २०१२ साली कोर्सेरा, एडएक्स यांसारख्या संस्था उभ्या राहिल्या. नाव ‘मूक’ हेच राहिले. रचना मात्र उलटी झाली. चित्रमुद्रित व्याख्याने, यंत्राने तपासलेल्या चाचण्या, आणि प्रत्येक विद्यार्थ्याचा मुख्य संबंध केंद्राशी. एडएक्सवरील विद्युत्‌परिपथांच्या पहिल्या अभ्यासक्रमात सुमारे १,५५,००० नोंदणीकृतांपैकी ७,१५७ जणांनी प्रमाणपत्र मिळवले. हे प्रमाण अल्प असले, तरी एकाच वर्गातून इतके विद्यार्थी उत्तीर्ण होणे हीदेखील अपूर्व घटना होती, हे नाकारता येत नाही. परंतु साहित्य पाहण्यास खुले असले, तरी त्याच्या पुनर्वापराचा हक्क बहुधा राखीव असे. पुढे २०२१ साली एडएक्सची ८० कोटी डॉलरांना विक्री झाली. भारतात २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ची घडणही मुख्यतः या दुसऱ्या प्रवाहाचीच आहे.

पहिला प्रवाह क्षीण होण्यास आणखी एक कारण घडले. स्वतंत्र ब्लॉगांना जोडणारी साधने मागे पडली. गूगलची वाचकसेवा २०१३ साली बंद झाली आणि संभाषण मोठ्या कंपन्यांच्या मालकीच्या समाजमाध्यमांवर गेले. तेथे माणसे अधिक भेटतात. पण लेखन कोणापुढे यावे हे लेखक वा अध्यापक ठरवत नाही.

सारांश, २००८ च्या प्रयोगाने विद्यार्थ्याला वाणी दिली, पण आधार अपुरा दिला. २०१२ च्या संस्थांनी आखीव वाट दिली, पण विद्यार्थ्याला पुन्हा श्रोत्याच्या जागी बसवले. या दोहोंचा मेळ घालण्याचे काम साधनांनी होणारे नव्हे. विद्यार्थ्याने चारचौघांत अपुरा विचार मांडावा, इतरांनी तो सुधारावा, आणि या व्यवहारात उतरण्याची तयारी अध्यापकाने त्याच्याकडून आधी करवून घ्यावी, हे अध्यापकाचेच कार्य आहे. ते न केल्यास ‘मुक्त’ हे विशेषण केवळ नोंदणीच्या आकड्यापुरते उरते.