अठ्ठावीस अंशांच्या वर

जूनची दुपार आहे आणि तुम्ही कळंबच्या शिवारात उभे आहात. राब भाजून झालाय, धूळपेरणी उरकलीय. पश्चिमेला माथेरानच्या डोंगरामागे आभाळ काळवंडलंय. सर येणार, हे वाऱ्यावरूनच कळतं. पण तो ढग जन्मला कुठे, हे इथून दिसत नाही. तेवढ्यासाठी जून 1979 मध्ये चला.

मुंबईहून उडालेल्या विमानात तुम्ही बसला आहात. खाली अरबी समुद्र. ‘मोनेक्स’ ही आंतरराष्ट्रीय मोहीम मोसमी पावसाला समुद्रावरच गाठायला निघाली आहे. पंख्यांच्या घरघरीत शेजारचा माणूस एक नळकांडं खाली सोडतो. छोट्या पॅराशूटला लटकत ते उतरतं आणि दाब, तापमान, दमटपणा रेडिओवरून कळवत राहतं. खिडकीतून नीट पाहा. दूर पश्चिमेला बाष्पाला तोटा नाही, तरी ढग ठेंगणेच. अरबस्तानाकडून आलेली कोरडी, तापलेली हवा त्यांच्यावर झाकणासारखी बसली आहे. विमान आपल्या किनाऱ्याकडे वळतं तसतसं ते झाकण वर सरकतं, विरतं. मग तेच ढग भराभर वाढतात, बारा-बारा किलोमीटर उंच जातात.

आता 1984. शास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ, पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांचा लेख ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलाय. वाचा. समुद्राचा पृष्ठभाग साधारण 28 अंश सेल्सियसच्या वर गेला की मोठे ढग दाटण्याची शक्यता एकदम वाढते. पण 28 च्या वर असूनही आभाळ कधी भरतं, कधी मोकळंच राहतं, हेही त्यांनी तितक्याच स्वच्छपणे मांडलं. मला या लेखाचं मोल इथेच वाटतं. उबदार पाणी लागतंच, तेवढ्यावर मात्र भागत नाही. हवाही वर चढायला मोकळी हवी.

आणि 26 जुलै 2005. मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस, त्याच शहरात कुलाब्याला 73! समुद्र दोघांना एकच. मुंबईत तेव्हा डॉप्लर रडार नव्हतं. कुठल्या वस्तीवर कोसळणार हे सांगायचं तर ढग उभा राहतानाच दिसावा लागतो. आज कुलाब्याला आणि वेरावलीला रडार आहेत, ते याचसाठी. तरी हाती येतात ते थोडेच तास.

आणि असे उंच ढग वीजही आणतात, म्हणून भाताच्या आवणीला निघताना मोबाइलवर ‘दामिनी’ उघडून बघा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं हे ॲप 20 आणि 40 किलोमीटरच्या टप्प्यातल्या विजेचा इशारा देतं. गडगडाट कानावर आला, तर हातातली रोपांची मूठ बांधावर ठेवा आणि पक्कं घर गाठा. आंब्याखाली थांबू नका.