काळी, पांढरी आणि पागोळी

आपल्या जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग सांगितलेले आढळतात. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या पुस्तकातही ही जोडी भेटते. आम्ही मास्तरमंडळी मुलांना ही विभागणी महसुलाची म्हणून शिकवतो आणि ती तशी आहेही. कोणी म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून वस्तीची जागा पांढुरकी दिसते, म्हणून ती पांढरी. तेही खरे असेल. मला मात्र त्यात गवंड्याचे एक शहाणपण दिसते. काळीत पेरावे, तिच्यावर घर बांधू नये.

कारण काळी माती स्वस्थ बसत नाही. पाऊस लागला की फुगते, ऊन लागले की आटते आणि भेगाळते. मी कादंबऱ्या लिहिणारा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. या मातीचे शास्त्र मी मागाहून वाचले. तिच्यातल्या एका खनिजाला फ्रान्समधल्या मोंमोरियाँ या गावावरून माँटमोरिलोनाइट असे जड नाव आहे. नाव विसरलात तरी चालेल. समोरच्या फराळाच्या ताटातला चिरोटा पाहा. पदरावर पदर, आणि मधे फट. या खनिजाचे कणही असेच पदरांचे, फक्त डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. त्या फटींत पाणी शिरले की पदर एकमेकांपासून दूर सरकतात, आणि असे असंख्य चिरोटे एकदम फुगू लागले की त्यांच्यावर ठेवलेले दगडी जोतेसुद्धा उचलले जाते.

आमच्या ठाणे-कल्याणकडे देशावरच्यासारखी सलग काळी नाही. इथे सगळी मिसळ आहे. उल्हास नदीचा गाळ, खाडीकाठचे खाजण, भाताची चिकण खाचरे, आणि मधूनच वर आलेला काळा कातळ व मुरूम. सरकारी गॅझेटियरने इथल्या भातजमिनींचे गोड आणि खाऱ्या असे दोन वर्ग केले होते. गावांची नावे पाहिली तरी जमीन बोलते. कल्याणात खडकपाडा आहे, कळव्याकडे खारेगाव, अंबरनाथपलीकडे चिखलोली. व्युत्पत्तीचे पंडित काहीही म्हणोत, घर बांधायला मी यांतले कोणते गाव निवडीन हे सांगायला नको.

असल्या मिसळीच्या जमिनीवर माणसांनी हजार वर्षे दगड रचले. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, म्हणजे इ.स. १०६० चे. ठाण्याचे कोपिनेश्वराचे मंदिर त्या मानाने अलीकडचे. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे पोर्तुगीजांकडून घेतले आणि १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी मासुंद्याच्या काठी ते बांधले. १८७९ साली लोकवर्गणीने त्याची दुरुस्ती झाली. कल्याणला तर भोवती कोट होता. इंग्रजी अमदानीत त्याचा बराचसा भाग उतरवून दगड कल्याणच्या आणि ठाण्याच्या धक्क्यांना लावले. आपल्याकडे दगड मरत नाही, त्याची बदली होते!

पण देवळे आणि कोट यांच्यामागे सत्ता आणि पैसा होता. मला कौतुक वाटते ते साध्या घरांचे. पारनाक्याच्या किंवा ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या आसपासच्या आळ्यांत अशी काही घरे अजून तग धरून आहेत. कमरेइतके उंच जोते, पुढे ओटा, भोवती पडवी, आणि पडवीवर पुढे आलेले कौलारू छप्पर. आपण याला कोकणी थाट म्हणतो आणि फोटो काढतो. वास्तविक हा थाट पायाच्या रक्षणासाठी होता. घराच्या पोटाखालची माती वर्षभर जवळजवळ एकाच ओलीची राहते. कडेची माती मात्र आषाढात तुडुंब आणि वैशाखात कोरडीठाक. कड वर-खाली होते, मधला भाग जागेवर राहतो, आणि या ओढाताणीत भिंत चिरते. पडवीने ही कड भिंतीपासून चार-पाच हात लांब नेली. पागोळी पडायची ती पडवीच्याही बाहेर, दगडांच्या ओळीवर, आणि तिथून पाणी उतारावरून पन्हळीत जायचे. भार घेणाऱ्या भिंतीला पावसाळा आला की उन्हाळा हे कळूच द्यायचे नाही, अशी ती योजना होती.

मग १८५३ साली आगगाडी ठाण्याला आली, पुढल्या वर्षी कल्याणला पोचली. नोकरीसाठी मुंबईला जाणारे लोक इकडे राहू लागले, बिऱ्हाडे वाढली. पडवीला कूड घालून खोली झाली, खोलीला भाडेकरू मिळाला. कुठे रस्तारुंदीत ओटा गेला, कुठे पडवीचे दुकान झाले. कौले उतरून वर स्लॅब आला आणि पागोळी थेट जोत्याच्या मुळाशी पडू लागली. घर तेच राहिले; त्याची छत्री तेवढी कोणी काढून नेली.

त्यातच गावठाणाला जागा पुरेना. डोंबिवलीत भाताच्या खाचरांवर चाळी आणि बैठी घरे उठली. ज्या मातीत आजोबांनी आवण लावले तीत नातवाने पाया खणला.

आमच्या घराची गोष्ट इथे सांगणे भाग आहे. घर कल्याणातले, आजोबांच्या हातचे. पडवीची एक बाजू वडिलांच्या तरुणपणीच गेली. माजघराच्या कोपऱ्यात एक भेग, दगडांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढलेली, खाली बोटभर आणि वर दोन बोटे. ठाण्यात फ्लॅट घेतलेला धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, हे घर आता बिल्डरला द्यावे. उद्या धोकादायक म्हणून नोटीस आली तर आईला घेऊन कुठे जाशील?" त्याचे चुकीचे नव्हते. पावसाळ्याच्या तोंडावर अशा नोटिसा दरवर्षी निघतात आणि त्या उगीच निघत नाहीत.

ऐन वैशाखात आम्ही एका म्हाताऱ्या गवंडीबाबांना बोलावले. त्यांनी भेगेत करणीचे टोक घातले, ओळंबा सोडला, मग बाहेर जाऊन गटार पाहिले. पाऊण तास ते भिंतीकडे कमी आणि जमिनीकडे जास्त पाहत होते.

"मास्तर, आता भरू नका," ते म्हणाले. "आता तिने तोंड उघडलेय. गणपतीपर्यंत मिटेल."

"मिटली तर मग भरायचे काय?"

"म्हणून तर सांगतो. आता शिमिट भराल, ते दगडासारखे होईल. पावसात भिंत मिटायला येईल तेव्हा मधे पाचर बसलेली. मग भिंत बाजूला फुटेल."

ही पाचरीची गोष्ट मला फार मोलाची वाटते. जुन्या घरांच्या निम्म्या दुरुस्त्या याच पाचरी आहेत. उन्हाळ्यात सुट्टी असते, बोनस हातात असतो, म्हणून भेग सर्वांत रुंद असते नेमकी त्याच वेळी आपण ती भरतो.

सिमेंटला शिव्या देण्याची हल्ली एक टूम निघाली आहे. तीत मी नाही. १८२४ साली इंग्लंडात जोसेफ अॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, १९१४ साली पोरबंदरला कारखाना निघाला, आणि त्यावाचून आजची डोंबिवली उभी राहिलीच नसती. पण जुनी भिंत चुन्याची आहे. भाजलेली चुनकळी विरवायची, वाळू आणि विटांची सुरखी घालून बैलाच्या घाणीत मळायची. कुठे त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणीही पडे. हा चुना हवेतला वायू पीत वर्षानुवर्षे सावकाश दगड होतो. तोवर तो थोडा दबतो, थोडा सरकतो. बारीक तडा गेला तर पावसाच्या पाण्याबरोबर त्यातलाच चुना विरघळून तड्यात पुन्हा बसतो. शिवाय भिंतीतली ओल तो बाहेर जाऊ देतो. वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि विटा खार धरून भुगा होतात.

दगडी भिंतीचा दुसरा रोग पोटातला. बाहेरून घडीव दगड, आतून घडीव दगड, आणि मधे नुसता चुरा. दोन्ही बाजू बांधणारे आरपार दगड नसले की भिंतीला पोट सुटते. बोरघाटातला माहुकीमळीचा रेल्वे पूल १८६७ च्या पावसाळ्यात कोसळला तोही दगडकामाच्या अशाच कच्चेपणाने; दर्शनी दगड चांगले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जाड जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली. तिथे भूकंप होता हे खरे. पण आरपार दगड नसलेल्या त्या भिंती आतबाहेर दुभंगून पडल्या. म्हणून भेग भरण्याआधी ठोकून आवाज ऐकावा. पोकळ वाजली तर दगड काढून आरपार दगड बसवावेत, मग दरजांचा विचार.

फरशीकडे आपण शोभेची गोष्ट म्हणून पाहतो. चुन्याचा कोबा, शहाबादी किंवा आजचे पेव्हर ब्लॉक, काहीही घाला. खाली काय आहे आणि उतार कुठे आहे, हे आधी विचारा. पवईच्या आयआयटीत, म्हणजे आमच्या उंबऱ्याशीच, प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर अनेक वर्षे काम केले आणि दाखवून दिले, की तिच्यावर न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे मीटरभर दाबलेला थर घातला तर खालची माती फुगायचे जवळजवळ थांबते. आपला चांगला मुरूम हा तसाच थर. कालव्यांसाठी शोधलेली ही युक्ती वाचताना मला जोत्यात मुरूम घालून धुमसाने ठोकणारे जुने लोक आठवले. रुरकीच्या संशोधन संस्थेने काळ्या मातीत नव्या घरांसाठी तळाशी कंद असलेले खांब काढले. तेही उत्तम, पण ते उभ्या घराखाली घालणार कसे?

हा छळ आपल्याच नशिबी आहे असेही नाही. १९७६ च्या दुष्काळात लंडनच्या चिकणमातीवरची घरे अशीच चिरली आणि विमा कंपन्यांकडे दाव्यांची रीघ लागली. झाडे मुळांनी ओल ओढून घेतात, हे तिकडेही अनेकांना तेव्हाच कळले. आणि जुने झाड एकदम तोडले तर उलटा ताप होतो. तहानलेली माती पाणी पिऊन वर येते.

आमच्या घरी आधी गटार दुरुस्त झाले, कारण फुटलेला सांधा नेमका त्या कोपऱ्याशी होता. मग भिंतीभोवती चार फुटांचा पट्टा खणून मुरूम ठोकला, वर बाहेरच्या उताराने शहाबादी बसवली, आणि छपराला पत्र्याची पन्हळ लावली. भेगेवर बाबांनी काचेच्या तीन पट्ट्या चुन्याने आडव्या चिकटवल्या आणि प्रत्येकीवर माझ्याकडून तारीख लिहवून घेतली. भिंत हलली तर काच तडकते. पहिल्या वर्षी खालची तडकली. दुसऱ्या वर्षी तिच्या जागी नवी लावली. या दिवाळीपर्यंत तिन्ही शाबूत आहेत, आणि चुन्याचे पोते पडवीत येऊन पडले आहे. भाऊ भाऊबिजेला येईल तेव्हा त्या पट्ट्या स्वतः पाहणार आहे. बिल्डरचा कागद त्याने आणखी एका उन्हाळ्यापुरता बाजूला ठेवला आहे.