५९ तास, एक आवाज

ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि मी पुण्यात ऑफिसात बसून आईबाबांना फोन लावत होतो. रेंज नाही. तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर कुणाचा तरी व्हॉइस मेसेज आला, "धरण फुटलं, गाव सोडा." कुणाचा, कुठून, कधीचा? काही पत्ता नाही. फॉरवर्डेड! धरण काही फुटलं नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी बाबांचा आवाज ऐकेपर्यंत माझ्या पोटात जो गोळा होता, तो अजून आठवतो.

पुढे जॉन मूअलेमचं २०२० सालचं एक पुस्तक हातात पडलं आणि जीनी चान्स भेटली. त्या आठवड्यात मला नेमकं काय हवं होतं, ते तेव्हा कळलं.

२७ मार्च १९६४, गुड फ्रायडे. अलास्कातल्या अँकरेज शहरात संध्याकाळी ५ वाजून ३६ मिनिटांनी जमीन हलायला लागली आणि जवळजवळ साडेचार मिनिटं हलतच राहिली. (घड्याळ लावून साडेचार मिनिटं नुसतं बसून बघा, मग कळेल.) तीव्रता ९.२, नोंद झालेल्या भूकंपांत जगात दुसरा. फोर्थ अॅव्हेन्यूवरची दुकानं खाली धसली, टर्नागेनची घरंच्या घरं घसरून गेली, वीज आणि फोन बंद.

जीनी तेव्हा ३७ वर्षांची, तीन मुलांची आई, केनी रेडिओवर अर्धवेळ वार्ताहर. भूकंप झाला तेव्हा ती मुलाला घेऊन गाडीतून चालली होती. मुलाला घरी सोडलं आणि बाई थेट पोलीस ठाण्यावर. पोलीसप्रमुखांनी सांगितलं, लोकांना काय ते तूच सांग. शुक्रवार संध्याकाळपासून पुढचे सुमारे ५९ तास, जेमतेम झोपेवर, ती सांगत राहिली. गाव ऐकत होतं गाडीतल्या रेडिओवर आणि ट्रान्झिस्टरवर.

मला वाटलं होतं ती बातम्या देत असेल. तसं नाही. इलेक्ट्रिशियन, प्लंबर लोकांनी कुठे जमायचं हे तर ती सांगायचीच. पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो निरोपांत. अमुक बाई, तुमचा नवरा सुखरूप आहे. तमुक साहेब, मुलं शेजाऱ्यांकडे आहेत. एकेका माणसाचा खाजगी निरोप, अख्ख्या गावासमोर!

आमच्या धंद्यात याला महामूर्ख डिझाइन म्हणतील. एका माणसाचं पॅकेट सगळ्या नेटवर्कला? पण गंमत तिथेच आहे. जिच्यासाठी निरोप होता तिच्याकडे रेडिओ नसला, तर शेजारीण ऐकून धावत सांगायला जायची. आणि माहिती चुकीची असली, तर ज्याला खरं माहीत आहे तोही तेच ऐकत असायचा आणि येऊन दुरुस्त करायचा. आमच्या फॅमिली ग्रुपवर नेमकं हेच नव्हतं. ज्या इंजिनिअरला धरण शाबूत असल्याचं माहीत होतं, तो बिचारा त्या ग्रुपवर कुठे होता?

अफवेची किंमत आपल्याला माहीत नाही असंही नाही. २८ जुलै २००५ ला मुंबईत, पुराच्या दोनच दिवसांनी, जुहूच्या नेहरूनगरात अफवेमुळे चेंगराचेंगरी झाली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. पाण्याने नव्हे, ऐकीव बातमीने.

अँकरेजला दंगल, लुटालूट होईल असं बऱ्याच जणांनी गृहीत धरलं होतं. ओहायो स्टेट विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ दुसऱ्याच दिवशी तिकडे पोहोचले. त्यांना दिसलं काय, तर लोक गुमान कामाला लागलेले. शहरात मृत्यूही अगदी थोडे झाले. सगळं श्रेय रेडिओला द्यायला मी तयार नाही. शाळा आणि बरीचशी ऑफिसं सुट्टीमुळे बंद होती, हे नशीबच. पण कामाला लागायचं तर कुठे जायचं हे कुणीतरी सांगावं लागतं, आणि घरचे जिवंत आहेत हे कळल्याशिवाय हात चालत नाहीत. हे दुसरं मी स्वतः अनुभवलंय.

जीनी १९६८ मध्ये अलास्काच्या विधिमंडळावर निवडून आली. १९९८ ला गेली.

असो. मागच्या खेपेला सांगलीला गेलो तेव्हा माळ्यावरचा ट्रान्झिस्टर काढला, गंज पुसून सेल घातले. बाबा म्हणाले, "अरे, मीडियम वेव्हची केंद्रं बंद करत चाललेत." एफएम लागलं. गाणी चालू होती. मीडियम वेव्हवर काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, नुसती खरखर.