अर्धा इंच

२१४ तास आधी. शुक्रवार, सकाळी ११.२०

पुढच्या रविवारी नानांचं सहस्रचंद्रदर्शन. त्यासाठी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या रो-हाऊसचं वरचं बाथरूम नव्याने करायला घेतलंय. जुन्या टाइल्स निघाल्यात, भिंतीला खाचा मारून झाल्यात. दादा पहाटेच अमेरिकेतल्या एडिसनहून आलाय आणि येताना शॉवरचा सेट घेऊन आलाय: जड पितळी हँडल, वाकडा आर्म, ताटाएवढा शॉवर.

प्लंबर खोकं उलटंपालटं करतो. "ताई, यातली बॉडी कुठाय?"

बॉडी नाहीच. अमेरिकेत भिंतीतला व्हॉल्व्ह आणि बाहेर दिसणारं हँडल बहुधा वेगवेगळ्या खोक्यांत विकतात. घर बांधताना प्लंबर व्हॉल्व्ह बसवतो, मालक हँडल मागाहून निवडतो. आपल्याकडेही कन्सिल्ड डायव्हर्टरची बॉडी आणि वरचा सेट असे दोन भाग असतात. पण ते एकमेकांसाठीच बनवलेले लागतात. आतल्या कार्ट्रिजच्या दांड्याला दाते असतात, ते हँडलच्या आतल्या दात्यांत बसले तरच हँडल पाणी उघडतं. कंपनी बदलली की दाते बदलतात. आम्ही दादाला फोनवर भिंतीचा रंगसुद्धा विचारला होता, बॉडीचं मात्र कुणी विचारलं नव्हतं.

२०९ तास आधी. दुपारी ४.२०

सॅनिटरीच्या दुकानात डायव्हर्टरची बॉडी आणि त्याच कंपनीचा वरचा सेट घेतला. दादाचा चेहरा उतरलेला पाहून मीच म्हणाले, "आर्म आणि शॉवर तुझाच लावू. तिकडेही अर्धा इंच, इकडेही अर्धाच इंच."

हे वाक्य माझं आहे, म्हणून त्याबद्दल सांगायला हवं. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये इंग्लंडात स्क्रूच्या आट्यांचं माप ठरवलं, त्याचा कोन ५५ अंश. विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये फिलाडेल्फियात वेगळं माप मांडलं, कोन ६० अंश. आपले नळ ब्रिटिश वळणाचे. पाइपच्या आट्यांचं भारतीय मानक, आयएस ५५४, त्याच घराण्यातलं. अमेरिकेचे नळ सेलर्सच्या कोनाचे. पाऊण इंच असो वा अर्धा, दोन्हीकडे एका इंचात १४ आटे. त्यामुळे अमेरिकन आर्म आपल्या एल्बोत सुरुवातीला अगदी सहज शिरतो. पण अर्ध्या इंचात त्याचा बाहेरचा व्यास सुमारे २१.३ मिलिमीटर, आपला २०.९५. दोनतीन फेऱ्यांनंतर तो अडतो, आणि घट्ट बसला असं हाताला वाटतं.

१८८ तास आधी. शनिवार, दुपारी १.२०

प्लंबर मन लावून काम करतो. बॉडीवरच्या प्लास्टिकच्या टोपीवर कमीतकमी आणि जास्तीतजास्त खोलीच्या रेघा आहेत. टाइल आणि ॲडहेसिव्हची जाडी धरून टाइलचा पृष्ठभाग त्या दोन रेघांमध्ये येईल, अशी तो बॉडी भिंतीत बसवतो. शॉवरच्या एल्बोला प्लग लावतो आणि हातपंपाने पाच किलो प्रेशर चढवतो. दोन तास काटा हलत नाही. आम्ही निर्धास्त.

प्लग आपल्या आट्यांचा होता.

६५ तास आधी. गुरुवार, दुपारी ४.२०

टाइल्स लागल्या. आता आर्म. तो तीन फेऱ्यांवर थांबतो. प्लंबर टेफ्लॉन टेपचे वेढे वाढवतो, पाना लावून आणखी एक फेरी घेतो. एल्बो सीपीव्हीसीचा, आत पितळी आटे घातलेला. मग वर चकती आणि चकतीच्या कडेने सिलिकॉन, नीट, सगळीकडून.

नाना दारात काठी टेकवून उभे. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी आयुष्यभर लेथवर काम केलं. "बघू तो आर्म," ते म्हणतात. आई त्यांना खुर्चीकडे नेते. "ओल्यावरून पाय घसरेल. तुम्ही बसा बघू."

६३ तास आधी. संध्याकाळी ६.२०

शॉवर सुरू केला. ताटाच्या मधोमध चार धारा. टाकीची पातळी शॉवरपासून अडीच मीटर वर, म्हणजे प्रेशर जेमतेम पाव किलो. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने शॉवरला मिनिटाला अडीच गॅलनची मर्यादा घातली, आणि ती मोजतात ८० पीएसआयवर, साडेपाच किलोहून जास्त. गच्चीवरच्या टाकीचा कुणी विचारच केलेला नाही.

"प्रेशर पंप लावू," मी म्हणते.

४१ तास आधी. शुक्रवार, दुपारी ४.२०

पंप बसला, गरम आणि थंड दोन्ही लाइनींवर. एकाच लाइनीवर लावला तर एकीकडचं पाणी दुसरीकडे ढकललं जातं, हे प्लंबरला ठाऊक होतं. दोन किलो प्रेशर. दादा शॉवरखाली हात धरून हसतो.

१५ तास आधी. शनिवार, संध्याकाळी ६.२०

संगमनेरहून आत्या, सटाण्याहून मावशी, पुण्याहून सगळे. पहिल्या तीन आंघोळी. खाली हॉलच्या पीओपीवर कोपऱ्यात बशीएवढा पिवळट डाग. नवं काम आहे, ओल सुकेल, असं सगळ्यांचं मत पडतं. माझंही.

४ तास आधी. रविवार, पहाटे ५.२०

मार्गशीर्षातली नाशिकची थंडी. एकामागून एक आंघोळी, शॉवर बंदच होत नाही. बाथरूमच्या फरशीवरचं पाणी व्यवस्थित निघून जातं, भिंत कोरडी दिसते. सिलिकॉनने बाहेरची वाट बंद केली आहे. पाणी टाइल्सच्या मागून, वॉटरप्रूफिंगच्याही पलीकडून, विटांतून खाली उतरतंय.

१ तास आधी. सकाळी ८.२०

डाग परातीएवढा. मावशी खाली बादली ठेवते. पंचवटीहून गुरुजी आलेत, चौरंग मांडलाय, ८१ दिव्यांत तेल घालून झालंय. वर अकरावी आंघोळ.

२० मिनिटे आधी. सकाळी ९

पीओपीला मधोमध पोट आलंय. दादा जिन्यावरून ओरडतो, "पंप बंद करा!" आत्या नानांना हाताला धरून अंगणात नेते.

सकाळी ९.२०

छत कोसळलं. चौरंग, दिवे, फुलांची परडी, सगळं पांढऱ्या चिखलात. कुणाला लागलं नाही.

त्यानंतर. दुपारी १२.१०

नानांना अंगणातच बसवून हाती लागलेल्या ५२ दिव्यांनी ओवाळलं. प्लंबर निरोप मिळताच आला, एक टाइल फोडून एल्बो कापून काढला. पितळी आट्यांभोवतीच्या प्लास्टिकला केसाएवढी चीर गेली होती, पंपाच्या प्रेशरने रुंदावलेली.

नानांनी आतून त्यांचा जुना डबा मागवला. त्यातून पंख्यासारखं उघडणारं थ्रेड गेज काढलं, ५५ अंशांचं १४ आट्यांचं पातं निवडलं आणि आधी प्लंबरच्या प्लगवर टेकवलं. ते चपखल बसलं. मग तेच पातं दादाच्या आर्मवर ठेवून दोन्ही उन्हाकडे धरलं आणि मला जवळ बोलावलं. प्रत्येक आट्यातून उजेडाची बारीक रेघ येत होती.